तार, इलेक्ट्रॉन, फोटॉन: अँटेना लहरी कशा सोडते ते वहीवर मोजून कसं बघायचं

मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं एक चूक शिकवली. कुणी विचारलं, "बाई, अँटेनातून लहर निघते म्हणजे नेमकं काय होतं?" की मी फळ्यावर अणू काढायचे. वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खालच्या कक्षेत उडी मारतो आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, बाहेर पडतो, असं सांगून मोकळी व्हायचे. मुलं मान डोलवायची. मी घरी येऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओचा, सेट लावायचे, गच्चीवरच्या त्याच तारेतून तासभर बोलायचे, आणि सकाळचं उत्तर त्या तारेला लागू पडतं का, हे तपासायचं कधी सुचलं नाही.

निवृत्तीनंतर भाच्याने विचारलं तेव्हा सुचलं. "मावशी, तुझ्या तारेतल्या नक्की कुठल्या इलेक्ट्रॉनमधून फोटॉन निघतो?" मी अणू काढायला लागले आणि पेन थांबलं. हायड्रोजनमध्ये दुसऱ्या कक्षेतून पहिल्या कक्षेत उडी मारली की १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. माझा सेट १४.१ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्या वारंवारतेच्या फोटॉनची ऊर्जा त्याहून साडेसतरा कोटी पटींनी कमी असते. शिवाय वारंवारता ठरते माझ्या सेटवरच्या बटणाने, तांब्याच्या अणूला तिचा पत्ताही नसतो. मग उडी कसली आणि कक्षा कुठली?

त्या प्रश्नावर आम्ही दोघांनी आठवडाभर वही भरवली. तीच वाट इथे लिहिते आहे. आकडेमोड शाळेतलीच आहे. एक साधा कॅल्क्युलेटर, आलेखाचा कागद, मीडियम वेव्ह लागणारा जुना रेडिओ, १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, हातभर तार आणि एक कानस एवढं जवळ घ्या. ट्रान्समीटर लागत नाही. तो चालवायला परवाना लागतो आणि या कामापुरती त्याची गरजही नाही.

आधी कानाने खात्री करा

सेल, बल्ब आणि तार यांचं साधं मंडल करा, पण मध्ये एक जागा मोकळी ठेवा: तारेचं एक टोक कानशीला पक्कं बांधा आणि दुसरं टोक हातात धरा. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि आवाज वाढवा. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा. पहिल्या दिवशी आम्ही ते केलं नव्हतं, आणि अर्धा तास जो खरखराट आम्ही "विज्ञान" समजून ऐकत होतो तो टेबलावरच्या दिव्याचा निघाला.

आता तारेचं टोक कानशीवर दाबून धरा. बल्ब लागेल आणि रेडिओ गप्प राहील. इलेक्ट्रॉन तारेतून सरकताहेत, विद्युतधारा वाहते आहे, पण बाहेर काही जात नाही. मग तेच टोक कानशीच्या दात्यांवरून ओढा. रेडिओ खर्र करून ओरडेल. दर दात्याला मंडल तुटतं, जुळतं, आणि इलेक्ट्रॉन थबकतात, पुन्हा निघतात.

बल्ब मुद्दाम ठेवला आहे. तो नसेल तर सेल थेट शॉर्ट होतो आणि तार बोटं भाजण्याइतकी तापते.

हाती एवढं लागलं: इलेक्ट्रॉन असून भागत नाही, तो नुसता चालूनही भागत नाही. त्याचा वेग बदलावा लागतो. पुढचं सगळं त्वरणावर उभं आहे.

मग कागदावर काढा

हे चित्र इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसन यांच्या विचारातलं आहे आणि मला ते कुठल्याही समीकरणापेक्षा जास्त पटतं. पण बघून उपयोग नाही, स्वतः काढलं तरच कळतं.

आलेखाच्या कागदाच्या मध्यावर एक बिंदू घ्या. इलेक्ट्रॉन तिथे निवांत बसला आहे. त्याच्यापासून चहूकडे सरळ क्षेत्ररेषा जातात, म्हणजे त्याचं विद्युत बल कुठल्या दिशेने लागतं ते दाखवणाऱ्या रेषा. आता त्याला उजवीकडे एक झटका बसला आणि तो एकसारख्या वेगाने चालू लागला. तो हलल्याची बातमी बाहेर पोचते प्रकाशाच्या वेगाने, एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर. जिथवर बातमी गेली नाही तिथल्या रेषा अजून जुन्या जागेकडेच बघत असतात.

कागदावर आपण इलेक्ट्रॉनला प्रकाशाच्या एक पंचमांश वेग देऊ. खऱ्या तारेत तो किती हळू असतो ते पुढे येईलच. जुन्या जागेभोवती ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि इलेक्ट्रॉन १ सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. वर्तुळाबाहेरच्या रेषा जुन्या बिंदूपासून काढा, आतल्या नव्या बिंदूपासून. वर्तुळाच्या काठावर त्या जुळणार नाहीत. तुटलेली टोकं काठाकाठाने जोडा. जवळजवळ प्रत्येक रेषेला एक मुरड पडेल. हीच मुरड म्हणजे लहर.

दुसऱ्या रंगाने त्याच कागदावर पुढचा क्षण काढा: वर्तुळ १० सेंटिमीटरचं आणि इलेक्ट्रॉन २ सेंटिमीटरवर. मुरड मोजा. दुप्पट लांब झाली. इथे घाई करू नका, कारण सगळं मर्म इथेच आहे. अंतर वाढलं की रेषा विरळ होतात आणि साधं क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. पण मुरडीची आडवी लांबी अंतरासोबत वाढत जाते. म्हणून आडवं क्षेत्र वर्गाने कमी होत नाही, नुसत्या अंतराच्या प्रमाणात कमी होतं. शक्ती क्षेत्राच्या वर्गावर असते, ती अंतराच्या वर्गाने घटते. आणि ज्या गोलावरून ती जाते त्याचं क्षेत्रफळ तितक्याच पटीने वाढतं. हिशेब बरोबर सुटतो: गोल कितीही मोठा केला तरी त्यातून बाहेर जाणारी शक्ती तेवढीच. ती परत येत नाही. तारेजवळचं साधं क्षेत्र मात्र तारेशीच घुटमळत राहतं.

अजून एक गोष्ट चित्रात फुकट मिळते. इलेक्ट्रॉन ज्या दिशेने गेला त्या दिशेच्या रेषेला मुरडच पडत नाही, आणि काटकोनातल्या रेषेला सगळ्यात मोठी पडते. डायपोल अँटेना, म्हणजे मध्ये कापून दोन्ही बाजूंना ताणलेली सरळ तार, टोकाच्या दिशेने जवळपास काहीच सोडत नाही, ते याचमुळे. लहर टोकातून कारंज्यासारखी उडते असं समजणारे मला अजून भेटतात. त्यांना मी कागद आणि पेन्सिल देते.

आता हिशेब: माझी तार

१४.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची लांबी काढायचा हॅम लोकांचा ठोकताळा सोपा आहे. १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. माझी तार १०.१४ मीटर आहे, मध्ये कापून दोन्ही बाजूंना ५.०७ मीटर. तांब्याची, २ मिलिमीटर जाडीची. अशा डायपोलचा मध्यावरचा रोध साधारण ७३ ओहम धरतात. सेट १०० वॅट देतो.

पहिली पायरी, धारा. १०० भागिले ७३, त्याचं वर्गमूळ १.१७ अँपिअर. शिखरावरची धारा त्याच्या १.४१ पट, म्हणजे १.६६ अँपिअर.

दुसरी पायरी, ती धारा तारेच्या किती भागातून वाहते? उच्च वारंवारतेची धारा तारेच्या कातडीतूनच जाते, त्याला स्किन इफेक्ट म्हणतात. तांब्यासाठी ही कातडी मायक्रोमीटरमध्ये काढायची असेल तर ६६ ला मेगाहर्ट्झच्या वर्गमूळाने भागायचं. इथे येतात १७.६ मायक्रोमीटर. तारेचा परीघ ६.२८ मिलिमीटर. दोन्हींचा गुणाकार ०.११ चौरस मिलिमीटर. म्हणजे जाडजूड दिसणाऱ्या तारेचा आतला सगळा गाभा नुसता वजनाला आहे.

तिसरी पायरी, इलेक्ट्रॉन. एका घन मिलिमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात ८५ वर १८ शून्यं इतके. त्यांचा एकूण प्रभार १३.६ कूलोम. आता वेग काढा: १.६६ भागिले १३.६ आणि ०.११ यांचा गुणाकार. उत्तर सेकंदाला १.१ मिलिमीटर.

भाचा म्हणाला, "मावशी, दशांश चिन्ह चुकलंय." चुकलं नव्हतं. शंभर वॅट सोडणाऱ्या तारेतला इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त गोगलगायीच्या चालीने सरकतो. आणि तोही अर्ध्या आवर्तनापुरताच, कारण सेकंदाला १ कोटी ४१ लाख वेळा त्याला मागे फिरावं लागतं. तो किती दूर जातो? वेगाला ६.२८ गुणिले वारंवारता याने भागा. मिळतं ०.०१२ नॅनोमीटर. तांब्याचे शेजारचे दोन अणू एकमेकांपासून ०.२५६ नॅनोमीटरवर असतात. त्या अंतराचाही विसावा भाग! "इलेक्ट्रॉन अँटेनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रकाशाच्या वेगाने धावतो" हे वाक्य कुठे दिसलं तर तिथेच खोडून टाका. धावतो तो धक्का. इलेक्ट्रॉन जागच्या जागी थरथरतात.

हेही खरं की तांब्यातले इलेक्ट्रॉन तसे स्वस्थ कधीच नसतात, धारा नसतानाही ते सेकंदाला सुमारे १५७० किलोमीटर वेगाने सैरावैरा पळत असतात. पण जितके डावीकडे तितकेच उजवीकडे. त्या गोंधळाला सेट जो मिलिमीटरभर कल देतो, तेवढाच आपल्या कामाचा.

त्वरण मात्र मोठं आहे. १.१ मिलिमीटर गुणिले ८ कोटी ८६ लाख (हेच वरचं ६.२८ गुणिले वारंवारता) केले की येतात सेकंदाच्या वर्गाला सुमारे ९७,५०० मीटर. गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दहा हजार पट.

चौथी पायरी, एका इलेक्ट्रॉनची शक्ती. जोसेफ लार्मर यांनी १८९७ मध्ये सूत्र दिलं: त्वरण पावणाऱ्या प्रभाराची शक्ती त्वरणाच्या वर्गावर अवलंबून असते. इलेक्ट्रॉनसाठी गुणक आहे ५.७ गुणिले १० चा उणे ५४ वा घात. त्वरणाचा वर्ग करून गुणा आणि आवर्तनभराच्या सरासरीसाठी निम्मं करा. २.७ गुणिले १० चा उणे ४४ वा घात, इतके वॅट. दशांश चिन्हानंतर ४३ शून्यं लिहून मग २७.

पाचवी पायरी, एकूण इलेक्ट्रॉन. ०.११ चौरस मिलिमीटर गुणिले १०,१४० मिलिमीटर गुणिले वरची संख्या. ९५ वर २१ शून्यं.

आता दोन्ही गुणा. आम्ही गुणलं आणि एकमेकांकडे बघत बसलो. ०.००००००००००००००००००००२६ वॅटसारखं काहीतरी. (वहीत शून्यं मोजताना आमचं भांडण झालं. खरं उत्तर २.६ गुणिले १० चा उणे २१ वा घात.) माझा सेट १०० वॅट ओततो आहे आणि इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने बाहेर काहीच पडत नाही. त्या रात्री मला वाटलं, कणांच्या भाषेत अँटेना समजत नाही, संपला विषय.

चूक सापडली ती कागदावरच्या मुरडीकडे पुन्हा पाहिल्यावर. आम्ही शक्ती बेरजेत घेतली होती. बेरीज शक्तीची नाही, क्षेत्रांची होते. दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी एकाच दिशेने थरथरले तर दोघांच्या मुरडी एकावर एक बसतात, क्षेत्र दुप्पट होतं आणि शक्ती चौपट. दहा असतील तर शंभर पट. म्हणून इलेक्ट्रॉनांच्या संख्येने नाही, संख्येच्या वर्गाने गुणायला हवं होतं.

तसं करा. येतात २४६ वॅट. हे जास्त झालं, कारण धारा तारेच्या मध्यावर पूर्ण आणि टोकांना शून्य असते. तिची सरासरी शिखराच्या ०.६४ पट, वर्ग केला की ०.४०५. २४६ गुणिले ०.४०५.

शंभर वॅटला जरासे कमी.

मी वही मिटली आणि पाणी प्यायला उठले. इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोगही आहे. तार पूर्ण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जरा आखूड आहे, त्यामुळे उत्तर थोडं खाली आलं. तारेच्या वेगवेगळ्या भागांतल्या लहरी दूर पोचताना थोड्या मागेपुढे होतात हे आम्ही धरलं नाही, त्यामुळे थोडं वर गेलं. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं. पण पहिल्या हिशेबात उत्तर १० च्या २३ व्या घाताच्या आसपास हुकलं होतं, त्यापुढे हे पाच-दहा टक्के म्हणजे काहीच नाही.

एकमेकांना खोडणारे इलेक्ट्रॉन

वर्गाचा नियम उलटाही चालतो, आणि तो समजला नाही तर पहिला अर्धाच समजला.

तारेचं गोल कडं घ्या आणि त्यात एकसारखी धारा सोडा. प्रत्येक इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतो आहे, म्हणजे प्रत्येकाची दिशा सतत बदलते आहे, म्हणजे प्रत्येकाला त्वरण आहे. मग ते लहरी सोडायला हवं. सोडत नाही. कड्यावर समोरासमोर असलेल्या इलेक्ट्रॉनांचं त्वरण उलट दिशांना असतं, एकाची मुरड दुसरा पुसतो. एकेका इलेक्ट्रॉनकडे बघून अँटेनाबद्दल बोलणाऱ्याला मी आधी हे कडं समजावून द्यायला सांगते.

सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या फीडरचंही तेच. दोन समांतर तारा, एकीत धारा वर जाते त्याच क्षणी दुसरीत खाली. जवळजवळ असल्याने लांबून बघणाऱ्याला बेरीज शून्य. त्याच दोन तारा शेवटी काटकोनात बाहेर वळवल्या की आता दोन्हींतले इलेक्ट्रॉन एकाच दिशेने हलतात आणि खोडाखोड संपते. फीडरची शेवटची पाच-पाच मीटर उघडली की झाली डायपोल, इलेक्ट्रॉन तेच.

माझ्या पहिल्या अँटेनाचं हे जुळलेलं नव्हतं. कोएक्स केबल (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली) थेट तारेला जोडली होती आणि केबलच्या बाहेरच्या जाळीवरून धारा खाली सेटपर्यंत येत होती. तिला खोडायला जोडीदार कुणी नव्हता, म्हणून केबलच अँटेना झाली. बोलायला लागले की धातूचा माइक ओठाला चटका द्यायचा. मी आधी माइक बदलला, मग सेट उघडला, मग अर्थिंगला नावं ठेवली. उपाय दोन मिनिटांचा होता: अँटेनाजवळ कोएक्सची आठ-दहा वेटोळी एकत्र बांधून टाकली. बाहेरच्या धारेला ती गुंडाळी अडवते, आतल्या धारेला कळतही नाही.

७३ ओहमचंही इथेच सांगून टाकते. माझ्या तारेच्या कातडीचा खरा रोध, धारा टोकांकडे कमी होत जाते हे धरून, मोजला तर तो पाऊण ओहमच्या आसपास येतो. बाकीचे ७२ ओहम तांब्यात नाहीतच. प्रत्येक इलेक्ट्रॉनला इतर सगळ्यांच्या क्षेत्राविरुद्ध ढकलावं लागतं, आणि सेटला ते जड जातं. ते जडपण म्हणजे बाहेर गेलेली ऊर्जा.

फोटॉन: कधी मोजायचे, कधी सोडून द्यायचे

आता भाच्याचा मूळ प्रश्न. १४.१ मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा काढायला प्लांकचा स्थिरांक, ६.६३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, वारंवारतेने गुणा. ९.३ गुणिले १० चा उणे २७ वा घात, इतके ज्यूल. शंभर वॅटला त्याने भागा: सेकंदाला १ वर २८ शून्यं इतके फोटॉन. आवर्तनांनी भागा, इलेक्ट्रॉनांनी भागा. दर इलेक्ट्रॉनमागे दर आवर्तनाला ०.००८ फोटॉन, म्हणजे सरासरी १२५ आवर्तनांत एक.

"म्हणजे १२४ वेळा तो नुसता थरथरतो आणि १२५ व्या वेळी फोटॉन सोडतो?" भाच्याने लगेच विचारलं. हा भागाकार बरोबर आहे आणि त्यातून काढलेला हा अर्थ चूक आहे. वर्गाचा नियम लागू होतो तोच मुळी कुठल्या इलेक्ट्रॉनने काय सोडलं ते ठरवता येत नाही म्हणून. फोटॉन अमुक इलेक्ट्रॉनचा असता तर आपली पहिली बेरीज खरी ठरली असती आणि रेडिओ कधी बोललाच नसता. फोटॉन सगळ्या तारेचा असतो. "कुठल्या इलेक्ट्रॉनमधून?" याचं सरळ उत्तर: कुठल्याच एका नाही.

पुंज सिद्धांताला (क्वांटम थिअरीला) हे मान्य आहे. पॉल डिरॅक यांनी १९२७ मध्ये प्रकाश कसा उत्सर्जित होतो याचा पुंज सिद्धांत मांडला, आणि रॉय ग्लॉबर यांनी १९६३ मध्ये अशा एकतालात निघणाऱ्या प्रारणाचं गणित नीट बसवलं, त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेलही मिळालं. तारेतल्या धारेसारखा ठाम, मोठा स्रोत असेल तर निघणाऱ्या फोटॉनांची संख्या ठरलेली नसते, ती सरासरीभोवती हलते, सरासरीच्या वर्गमूळाइतकी. आपल्या १ वर २८ शून्यांचं वर्गमूळ १ वर १४ शून्यं. संख्या अवाढव्य, पण प्रमाणात बघितलं तर १० च्या १४ व्या घातात एक भाग. म्हणून लहर इतकी गुळगुळीत दिसते आणि मॅक्सवेलची विद्युतचुंबकीय लहरींची समीकरणं पुरतात.

फोटॉन मोजायचे का, हे ठरवायची माझी कसोटी तापमानाची आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा साधारण ४.१ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल धरा आणि तिला फोटॉनच्या ऊर्जेने भागा. १४.१ मेगाहर्ट्झला येतात सुमारे ४ लाख ४० हजार. तुम्ही सेट सुरू करायच्या आधीच उबदार वस्तूंमुळे त्या वारंवारतेचे इतके फोटॉन प्रत्येक मार्गात, म्हणजे लहरीच्या प्रत्येक शक्य रूपात, भरलेले असतात. त्यात आपला एक वेगळा काढणं अशक्य. भागाकार एकच्या खाली आला तर गोष्ट बदलते: ५ गिगाहर्ट्झवर काम करणारी अतिवाहक (रोध नसलेली) मंडलं परमशून्याच्या एक-दोन शतांश अंशांवर थंड करून ठेवतात, तिथे रेडिओचा एकेक फोटॉन खरोखर ओळखता येतो. गच्चीवरच्या तारेसाठी फोटॉनांची वही बंद ठेवा.

जवळच्या क्षेत्राला "आभासी फोटॉन" म्हणायची एक फॅशन आहे. शब्द गणितातला आहे, तिथे ठीक. अँटेना बांधणाऱ्याला त्याने एक सेंटिमीटरही मदत होत नाही.

माझी जुनी उडी अगदीच वाया गेली असंही नाही. रेडिओच्या वारंवारतेला ती लागू पडते अशी एक जागा आहे. हायड्रोजनच्या एकट्या अणूत इलेक्ट्रॉनची फिरकी प्रोटॉनच्या सापेक्ष उलटली की १४२०.४ मेगाहर्ट्झचा फोटॉन निघतो, २१ सेंटिमीटरची ती प्रसिद्ध रेषा. १९५१ मध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती आकाशातून पकडली. एक अणू त्यासाठी सरासरी १ कोटी १० लाख वर्षं घेतो. तिथे अणूंना कुणी ताल धरून देत नाही, म्हणून तिथे साधी बेरीज चालते, आणि आकाशगंगेत हायड्रोजन अफाट आहे म्हणून ती आपल्यापर्यंत पोचतेही. मी तीस वर्षं आकाशातल्या हायड्रोजनच्या ढगाचं उत्तर तारेला देत होते.

तुम्ही करून बघा, भाच्याने केलं तसं

सराव म्हणून हे गणित घ्या: १४५ मेगाहर्ट्झ, ५ वॅट, २ मिलिमीटरची तीच तार. लांबी ९८.६ सेंटिमीटर. शिखरधारा ०.३७ अँपिअर. कातडी ५.५ मायक्रोमीटर. वेग सेकंदाला ०.७९ मिलिमीटर यायला हवा आणि इलेक्ट्रॉनचं हलणं अणूंमधल्या अंतराच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकं. शेवटी वर्ग, ०.४०५, आणि उत्तर ५ वॅटच्या जवळ.

भाच्याने कातडी धरायचीच विसरली. त्याने तारेचा सगळा ३.१४ चौरस मिलिमीटरचा छेद घेतला. त्याचे इलेक्ट्रॉन नव्वदएक पटींनी जास्त आणि वेग तितक्याच पटींनी कमी. ओळीमागून ओळ चुकीची, आणि शेवटी उत्तर बरोबर ५ वॅट. मी चूक दाखवली तेव्हा तो वैतागला. "मग मी इतका चुकलो तरी उत्तर कसं आलं?"

वही घेऊन मी पुन्हा एकदा बघितलं. इलेक्ट्रॉनांची संख्या आणि वेग हिशेबात कुठेही वेगवेगळे येत नाहीत, दोन्हींचा गुणाकार येतो, आणि तो गुणाकार म्हणजे धारा गुणिले लांबी. थोडे इलेक्ट्रॉन जास्त हलले काय नि खूप इलेक्ट्रॉन थोडे हलले काय, अँटेनाला फरक पडत नाही. तांब्याऐवजी काचेच्या नळीतला तापलेला वायू घेतला तरी ती अँटेना होते आणि मिठाच्या पाण्याचा उभा फवारा घेतला तरी होते, तिथे तर हलणारे कण इलेक्ट्रॉनही नसतात, आयन असतात. मॅक्सवेलने समीकरणं १८६५ मध्ये मांडली, हर्ट्झने १८८७-८८ मध्ये प्रयोगशाळेत लहरी निर्माण करून दाखवल्या, आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. त्या दोघांना त्याच्यावाचून का अडलं नाही, ते भाच्याच्या चुकलेल्या पानावर लिहिलेलं होतं. ते पान मी फाडू दिलं नाही.